विहाराची जागा : यवतमाळ जिल्ह्यातील एक अलिखित इतिहास

धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दीक्षाभूमीपाशी थांबतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, बावीस प्रतिज्ञा कोणत्या, बाबासाहेब काय बोलले, हे आपल्या मुलांना पाठ असते. परंतु दीक्षा घेतलेली माणसे तेथून गेली कुठे? ती आपापल्या गावी परत गेली. ज्या गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले होते, त्याच गावाच्या त्याच महारपुऱ्यात गेली. देव सोडता आले. गावची मजुरी, गावची पांदण आणि गावची विहीर सोडता येत नव्हती. धर्मांतराची परीक्षा खऱ्या अर्थाने या गावांतून झाली. बुद्ध कोण, हे त्या माणसांना हळूहळू समजत गेले. बुद्धाला बसवायचे कुठे, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून उभा होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी अजून सुटलेला नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांतून मी बरीच वर्षे फिरतो आहे. विहारात गेलो की एक प्रश्न हमखास विचारतो : ही जागा कोणाच्या नावावर आहे? उत्तरे ठरलेली असतात. 'सरकारची.' 'ग्रामपंचायतीची.' 'एका म्हाताऱ्याने दान दिली, पण कागद केला नाही.' 'ई-क्लासची.' आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे उत्तर : 'आमचीच म्हणा ना.' या शेवटच्या उत्तरात वस्तीचा अभिमान आहे, तशीच तिची असहायताही आहे. विहाराला झालेल्या आणि होत असलेल्या विरोधाचा इतिहास या उत्तरांमागे दडलेला आहे. तो नीट मांडला पाहिजे असे मला वाटते.

हा विरोध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वऱ्हाडात अस्पृश्यांनी धर्मस्थानाचा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा केला तो अमरावतीच्या अंबादेवीपाशी. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा असा विचार होता. परंतु मंदिराच्या पंचांशी बोलणे व्हावे म्हणून तो पुढे ढकलला गेला. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. पुढे २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा लढा सुरू झाला आणि तो कित्येक वर्षे रेंगाळला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

त्या काळी सनातन्यांचे म्हणणे असे होते की देऊळ आमचे आहे, तुम्हाला देव हवा असेल तर तुमचा वेगळा करा. या म्हणण्यात वरवर पाहता एक तर्क होता. मग अस्पृश्यांनी खरोखरच वेगळी वाट धरली. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १९५६ मध्ये लाखो माणसे हिंदू धर्मातून बाहेर पडली. आता कोणाच्या देवळाचे दार ठोठावण्याचे कारण उरले नव्हते. सनातन्यांचा तर्क प्रामाणिक असता तर येथे विरोध संपायला हवा होता. तो संपला नाही. तो देवळाच्या दारातून निघाला आणि आमच्या मोकळ्या जागेच्या कडेला येऊन उभा राहिला. आमच्या देवळात येऊ नका म्हणणारेच आता तुमचे येथे बांधू नका म्हणू लागले. विरोध देवाच्या पावित्र्यासाठी नव्हता, हे यातून सिद्ध होते. तो गावच्या जमिनीवर आणि गावच्या डोळ्यांसमोर एका जातीने पक्के उभे राहण्याला होता.

यवतमाळ जिल्ह्याची गोष्ट थोडी वेगळी म्हणून सांगितली पाहिजे. हा जिल्हा जुन्या वऱ्हाडाचा. १९०५ पर्यंत तो वणीच्या नावाने ओळखला जाई. त्या वर्षी दारव्हा आणि पुसद हे तालुके त्याला जोडले गेले आणि त्याचे नाव यवतमाळ झाले. कापसाचा मुलूख, रयतवारीची पद्धत, मोठ्या कास्तकाराच्या घरी वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार आणि वेचणीला जाणाऱ्या बाया, असे येथले खेडे. धर्मांतराच्या वेळी हा सगळा प्रदेश मध्यप्रदेश राज्यात होता. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. वणीच्या भागाला नागपूरपेक्षा चंद्रपूर जवळ. मध्ये वर्धा नदी तेवढी. त्यानंतर पंधरवड्यातच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. अवघ्या आठ आठवड्यांत आमच्या माणसांचा धर्म बदलला, राज्य बदलले आणि मार्गदाता नाहीसा झाला. नव्या राज्यात कोणत्या कचेरीत कोणता अर्ज करायचा हे सांगणाराही जवळ नव्हता.

तरीही माणसे ठाम राहिली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. या आकड्याची किंमत केवढी होती ते लक्षात घ्यावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म सोडणाऱ्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नव्हत्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने त्या द्यायला १९९० साल उजाडावे लागले. एवढे नुकसान समोर दिसत असताना लाखो निरक्षर माणसांनी जनगणनेच्या कारकुनाला 'बौद्ध' असे सांगितले.

या माणसांचे पहिले विहार कसे होते? विटांचे नव्हते. कोणाच्या तरी घराची पडवी, एक लाकडी पाट, त्यावर बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र. बाहेर वस्तीच्या तोंडाशी मातीचा ओटा आणि ओट्यावर झेंडा. महिन्यातून पौर्णिमेला वंदना. जो कोणी चौथी-सातवी शिकलेला असेल तो वाचणार, बाकीचे म्हणणार. नागपूरच्या १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कामाला द्यावा असे सांगितले होते. मजुराच्या मिळकतीचा विसावा हिस्सा म्हणजे किती? तरीही त्यातूनच पुढे विटा आल्या, पत्रे आले. आषाढ ते आश्विन वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा विदर्भात रुजली, आणि ऐकायला बसलेल्यांत बायांची संख्या नेहमीच जास्त राहिली. मजुरीवरून येऊन, चूल पेटवून, धुतलेले पांढरे लुगडे नेसून येणाऱ्या या बायांना बसायला चार भिंती हव्या होत्या. विहाराची मागणी विद्वानांनी केली नाही. ती पावसाळ्यात भिजणाऱ्या या बैठकीतून आली.

मातीच्या ओट्यापर्यंत गाव बहुधा गप्प राहते. पहिली वीट पडली की गाव बोलू लागते. मी ऐकलेल्या हरकतींत 'आम्हाला बुद्ध नको' असे वाक्य जवळजवळ कधीच नसते. उलट, बुद्ध तर आमचा नववा अवतार, असे प्रेमाने सांगितले जाते. हरकती वेगळ्याच असतात. ही जागा गुरांच्या आखराची आहे. येथे आमची होळी पेटते. येथून बैलगाडीची वाट आहे. मारुतीच्या पाराच्या इतक्या जवळ नको. भोंग्याचा त्रास होईल. आणि शेवटची, सर्वांत सभ्य हरकत : गावात आजवर शांतता आहे, ती कशाला बिघडवता?

यांतली एखादी हरकत एखाद्या गावी खरीही असेल. चराईची जमीन कमी होते आहे हे कोण नाकारील? परंतु त्याच ई-क्लासवर गावातल्या बड्या शेतकऱ्याने काढलेल्या वहितीबद्दल ही हरकत कधी निघत नाही. त्याच आखरावर एखाद्या नव्या देवाची घुमटी उभी राहते तेव्हा वाट अडत नाही. गावचा मारुती कोणाच्या परवानगीने बसला, याचा कागद कोणी मागत नाही, कारण वहिवाट हाच त्याचा कागद असतो. आम्हाला मात्र वहिवाट नाही. जे गावकुसाबाहेर होते, त्यांची वहिवाट होणार कुठून? गावगाड्याने ज्यांना सार्वजनिक जागेवर पाय ठेवू दिला नाही, त्यांच्याजवळ सार्वजनिक जागेच्या वापराचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून जागा नाही. या चक्रात वस्ती फिरत राहते.

हरकतीमागे बळ कशाचे असते? मजुरीचे. वस्तीतले बहुतेक भूमिहीन. ज्याच्या शेतात उद्या वेचणीला जायचे, तोच आज ग्रामसभेत विरोधाला उभा असतो. सालदाराचे साल मोडते, किराणा उधार मिळत नाही, दळण दळून मिळत नाही. लाठी उगारण्याची गरज पडत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो का केला हे विहाराच्या प्रश्नातून नीट कळते. पोटाची जमीन ज्याच्या हाती नाही, त्याला प्रार्थनेची जमीनही मिळत नाही. आपल्यापैकी काहीजण भाकरीचा लढा आणि धम्माचा लढा वेगळे काढतात. खेड्यात ते दोन्ही एकाच सात-बाराच्या उताऱ्यावर भेटतात.

मग कायद्याने काय केले? संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले आणि २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला धार्मिक संस्था स्थापण्याचा हक्क दिला. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने देवळात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात बौद्ध, शीख व जैन यांना त्यापुरते हिंदू समजण्यात आले. म्हणजे पुढच्याच वर्षी जे लोक हिंदू धर्म सोडणार होते, त्यांना कायद्याने हिंदू देवळात जाण्याचा हक्क दिला. स्वतःचे धर्मस्थान बांधू न देणे हा गुन्हा मात्र त्यात नावानिशी लिहिला गेला नाही. कायदा अंबादेवी आणि काळाराम यांच्या आठवणीवर रचला गेला होता. पुढे येऊ घातलेला विहार त्याच्या नजरेत नव्हता.

गावपातळीवर खरे राज्य दुसऱ्याच कायद्यांचे असते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ५० व्या कलमाने सरकारी जमिनीवरील अतिक्रमण काढता येते, तर ५१ व्या कलमाने ते नियमित करता येते. काढायचे की नियमित करायचे, हे ठरवणारा माणूस वस्तीतला नसतो. तंटा वाढला की पोलीस येतात आणि दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस करतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ व्या कलमाखाली होई. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १२६ व्या कलमाखाली होते. विटा रचणारा आणि विटा उधळणारा हे दोघेही तहसीलदारासमोर शांततेचा बाँड लिहून देतात. कारखान्याच्या कागदावर याला निःपक्षपात म्हणतील, पण वस्तीच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की बांधकाम थांबले. आणि ज्याला बांधायचे नव्हते, तो न भांडता जिंकला.

या कोंडीतून वस्त्यांनी एक वाट काढली, ती म्हणजे समाजमंदिर. समाजकल्याण खात्याच्या आणि दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून बांधलेले हे सभागृह. विहाराला हरकत घेणारे गाव समाजमंदिराला फारशी हरकत घेत नाही, कारण ते सरकारी असते. वस्ती त्यात बुद्धमूर्ती ठेवते, बाहेर पंचशील ध्वज लावते आणि त्याला विहार म्हणू लागते. जे लोक मंदिर सोडून आले, त्यांच्या विहाराचे दप्तरी नाव पुन्हा 'मंदिर'च राहिले! यात विनोद आहे, पण धोकाही आहे. इमारत ग्रामपंचायतीच्या नोंदीत असते. पंचायतीची सत्ता बदलली, कोणाला तेथे अंगणवाडी भरवायची झाली की कुलपाची किल्ली कोणाकडे, येथून तंटा सुरू होतो. आपले म्हणून बांधलेले आपले नसते.

पुसद आणि उमरखेड हे तालुके पैनगंगेच्या काठावर आहेत. नदीपलीकडे मराठवाडा. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि २७ जुलै १९७८ पासून मराठवाड्यात जे घडले, त्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामांतराचा प्रश्न शहरातल्या एका विद्यापीठाच्या पाटीचा होता; घरे मात्र खेड्यांतली जळली. नाव, पुतळा, झेंडा, विहार या सर्वांना होणारा विरोध एकाच मुळाचा आहे. दलिताने पोट भरावे, शिकावेही, पण सार्वजनिक जागेवर आपली खूण ठेवू नये, असे ते मूळ आहे. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षे गेली.

कायदा पुढे सुधारला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यात २०१५ मध्ये झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. दलित-आदिवासींना आदरणीय असलेल्या वस्तूची तोडफोड वा विटंबना, मिरवणुकीला अडथळा, सामाजिक व आर्थिक बहिष्कार हे गुन्हे तीत नावानिशी आले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा स्वतंत्र कायदाही जुलै २०१७ पासून लागू झाला. या साधनांचा उपयोग केलाच पाहिजे. परंतु ही साधने मूर्ती फुटल्यावर वा किराणा बंद झाल्यावर हाती येतात. मूर्ती बसण्यापूर्वीच थांबवलेल्या कामाला ती फारशी लागू पडत नाहीत.

आणि आता मुख्य मुद्दा. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सार्वजनिक जागेवर यापुढे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये; आधीच्या बांधकामांचा निर्णय राज्यांनी एकेका प्रकरणाचा विचार करून घ्यावा. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. दोन्ही आदेशांमागची भूमिका योग्यच आहे. रस्त्यारस्त्यावर घुमट्या उभ्या राहाव्यात, गावची कुरणे धनदांडग्यांनी गिळावीत, असे कोण म्हणेल? परंतु तारखेची रेघ ओढली की तिच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे पाहावे लागते. ज्यांना बांधण्यापासून कोणी अडवले नाही, त्यांची देवळे रेघेच्या अलीकडे आहेत. जुनी आहेत म्हणून तगतात. ज्या वस्तीचे काम हरकतींनी, चॅप्टर केसने, मजुरीच्या धाकाने वीस-तीस वर्षे रोखून धरले, तिचा विहार रेघेच्या पलीकडे पडतो. नवा आहे म्हणून तो अनधिकृत. ज्याने उशीर केला त्याच्या हाती तो उशीरच पुरावा म्हणून जातो. 'तुमचे येथे पूर्वी काही नव्हते,' हे वाक्य आज ग्रामसभेत नियमाच्या भाषेत बोलले जाते. पूर्वी का नव्हते, हे कोणी विचारत नाही.

हे केवळ यवतमाळचे वा खेड्याचे दुःख नाही. बोधगयेच्या महाबोधी विहारात १८९५ मध्ये अनागारिक धर्मपालांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती ठेवली, तेव्हा महंतांच्या माणसांनी ती हलवली. १९४९ च्या कायद्याने समिती नेमली, तीत चार हिंदू आणि चार बौद्ध. जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि तो हिंदू नसेल तर दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा अशी तरतूद. ती अट २०१३ मध्ये गेली, समितीची रचना राहिली. जेथे बुद्धाला बोधी प्राप्त झाली तेथेही कागद कोणाच्या हाती, हाच प्रश्न आहे.

आपल्यातलेच काही शिकलेले मित्र विचारतात, विहार हवाच कशाला? त्या पैशात ग्रंथालय काढा, पोरांची फी भरा. हा प्रश्न मी झिडकारीत नाही. विहारात बुद्धाला नवस बोलला जात असेल, तर त्या विहाराने मारुतीच्या पाराशी स्पर्धा केली एवढेच म्हणावे लागेल. पण ग्रंथालयाला तरी जागा कोण देणार आहे? वस्तीला एकत्र बसण्याचे, मुलांना दिव्याखाली अभ्यास करण्याचे, बायांना आपले म्हणणे मोठ्याने मांडण्याचे दुसरे घर खेड्यात नाही. गावातल्या देवळाच्या पारावर पुरुषांची बैठक असते. विहारात बायका पुढे बसतात. हा फरक लहान नाही. ग्रंथालय आणि विहार एकाच छताखाली असावेत, असा आग्रह आपण धरू या. परंतु ते छत आधी मिळाले पाहिजे.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपापल्या वस्तीतल्या विहाराचा इतिहास लिहा, आणि तो जागेपासून लिहा. झेंड्याचा ओटा कोणत्या साली घातला? पहिली वंदना कोणाच्या पडवीत झाली? वर्गणीची वही कोणाच्या पेटीत आहे? पंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच आहे का? हरकतीचे पत्र, चॅप्टर केसची नोटीस, जयंतीचा जुना फोटो, ज्यात मागे ओटा दिसतो, हे सारे गोळा करा. १९५६ चे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. त्यांचे म्हणणे तारखेसह लिहून घ्या. दानपत्र झाले नसेल तर दात्याच्या वारसांना आजच भेटा, कारण पुढची पिढी जागेचा भाव विचारणार आहे. समाजमंदिर असेल तर पंचायतीच्या नोंदवहीत वापराचा ठराव करून घ्या. विहाराची वहिवाट होती आणि ती अडवली गेली, या दोन्ही गोष्टींचा पुरावा आपल्याच घरांत धूळ खात पडला आहे.

सनातन्यांनी आपला इतिहास दगडात कोरून ठेवला. आपला इतिहास अर्जांत आहे, पोचपावत्यांत आहे आणि म्हाताऱ्या बायांच्या आठवणींत आहे. तो ग्रामसभेच्या टेबलावर ठेवता येईल अशा रूपात आणणे, हे आज धम्माचेच काम आहे.